दुसरा कॉम्प्रेसर घेण्याआधी: मकरपुऱ्यातील एका हवागळती तपासणीचा अनुभव

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात दुसरा कॉम्प्रेसर, म्हणजे यंत्रांना दाबाची हवा पुरवणारे आणखी एक यंत्र, घ्यायचे जवळजवळ ठरले होते. दरपत्रके आली होती, बँकेशी बोलणे झाले होते आणि शेडच्या मागच्या भिंतीलगत त्यासाठी जागाही मोकळी करून ठेवली होती. दुपारी तीनच्या सुमारास सगळी यंत्रे एकदम चालू असली, की टोकाकडच्या दोन सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कातणाऱ्या, यंत्रांवर हवेचा दाब कमी असल्याचा इशारा येई आणि ती मध्येच थांबत. आम्ही पोलादी फ्लँज (पाइप एकमेकांना बोल्टने जोडायच्या चकत्या) आणि पाइपांचे जोड कातून देतो. कातणे चालू असताना यंत्र असे थांबले, तर जॉब, म्हणजे कातायला लावलेला तुकडा, बहुधा भंगारात जातो आणि त्याबरोबर ते पोलाद वितळवून घडवताना खर्ची पडलेली सारी ऊर्जाही वाया जाते. हवा कमी पडते आहे, म्हणून हवा वाढवली पाहिजे, असा आमचा हिशेब होता आणि तो चुकीचा होता. हे आम्हाला ज्यांनी मोजून दाखवले, त्या तपासणी सेवेविषयी हा अभिप्राय आहे.

ही सेवा वडोदऱ्यातील तीन अभियंते मिळून चालवतात. त्यांतील दोघे येथील कलाभवनात शिकलेले आहेत. महाराज सयाजीरावांनी १८९० साली सुरू केलेली ती संस्था आज विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा असली, तरी आपल्याकडे जुनी माणसे तिला अजून कलाभवनच म्हणतात. मुख्य अभियंत्याकडे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे ऑडिटरचे प्रमाणपत्र आहे. मला त्यांच्या कामातील उणिवाही लिहायच्या आहेत, म्हणून संस्थेचे नाव येथे देत नाही. कामाची पद्धत नीट कळली, तर वाचकांना कोणत्याही संस्थेकडून तसेच काम मागून घेता येईल. शुल्क ४८,००० रुपये होते. त्यात तीन दिवसांची मोजणी, लेखी अहवाल आणि सहा महिन्यांनी एक फेरतपासणी एवढे समाविष्ट होते. ही मंडळी कॉम्प्रेसर, पाइप किंवा सुटे भाग यांपैकी काहीही विकत नाहीत आणि विक्रेत्यांकडून कमिशनही घेत नाहीत, ही अट त्यांनी स्वतःच करारात घातली होती. आमच्याकडे याआधी झालेल्या दोन "मोफत" तपासण्या यंत्रे विकणाऱ्यांनी केल्या होत्या आणि दोन्हींचा निष्कर्ष मोठे यंत्र घ्या असाच निघाला होता. तपासणाऱ्याचे पोट कशावर चालते, हे आधी विचारून घ्यावे, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

पहिल्या दिवशी त्यांनी दाबाची नोंद ठेवणारी पाच उपकरणे लाइनवर पाच ठिकाणी बसवली आणि कॉम्प्रेसरला स्वतंत्र वीजमीटर लावला. आमचा कॉम्प्रेसर ३० किलोवॉटचा, स्क्रू पद्धतीचा, लोड (हवा दाबून भरणे) आणि अनलोड (हवा न भरता नुसते फिरणे) अशा दोनच अवस्थांत चालणारा आहे. दोन पाळ्यांच्या नोंदी पाहिल्यावर असे दिसले, की कॉम्प्रेसरच्या तोंडाशी दाब ७.८ बार असताना शेवटच्या यंत्रापाशी तो दुपारी ५.१ बारपर्यंत उतरत होता. मधल्या २.७ बारपैकी ०.९ बार एका फिल्टरमध्ये जात होता, कारण त्याची जाळी कित्येक महिने बदललेली नव्हती. उरलेला दाब एक इंची पाइपात आणि त्यावरील जोडांत खर्च होत होता. कारखान्यात चार यंत्रे होती तेव्हा टाकलेली ती लाइन, आज अकरा यंत्रे असताना, तशीच पुढे पुढे वाढवत नेलेली होती. अभियंत्यांनी फोरमनकाकांना समजेल असे सांगितले: "काका, हवा कमी नाही, ती वाटेत अडते आहे. दुसरा कॉम्प्रेसर आणला, तरी ती त्याच अरुंद वाटेने जाणार." पाइपाचा व्यास दुप्पट केला, तर तितक्याच हवेसाठी दाबातील घट सुमारे बत्तिसाव्या भागावर येते, कारण ती व्यासाच्या पाचव्या घातावर अवलंबून असते. हे सूत्र मी पुस्तकात शिकलो होतो आणि स्वतःच्याच शेडमध्ये विसरलो होतो.

खरा धक्का रविवारच्या चाचणीने दिला. सगळी यंत्रे बंद, एकही कामगार नाही, आणि फक्त कॉम्प्रेसर चालू. लाइनमध्ये कोठेच गळती नसेल, तर टाकी एकदा भरल्यावर त्याला पुन्हा लोड घ्यायचे काहीच कारण नसते. आमचा कॉम्प्रेसर मात्र सरासरी दीड मिनिट लोडवर आणि साडेतीन मिनिटे अनलोडवर, असा दिवसभर चालला असता. लोडवरच्या वेळेला एकूण वेळेने भागले, की गळतीचे प्रमाण मिळते. ते तीस टक्के निघाले. याचा अर्थ असा, की कॉम्प्रेसर जेवढी हवा देऊ शकतो, तिच्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश हवा कोणत्याही कामाला न लागता शेडमध्ये सुटत होती. जुन्या, देखभाल नसलेल्या लाइनींमध्ये वीस ते तीस टक्के गळती सर्रास आढळते, असे त्यांनी सांगितले. मला मात्र त्यामुळे काहीच बरे वाटले नाही.

दाबाची हवा ही कारखान्यातील सर्वांत महागड्या ऊर्जांपैकी एक आहे, हे येथे सविस्तर सांगायला हवे, कारण आमच्यासारख्या लहान कारखान्यांत ती फुकट असल्यासारखी वापरली जाते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी दहा ते पंधरा टक्केच ऊर्जा हत्याराच्या टोकाशी काम म्हणून हाती लागते. बाकीची बहुतेक उष्णता होऊन निघून जाते. म्हणून एक युनिट विजेने जे काम मोटर थेट करते, तेच काम हवेने करून घ्यायचे झाले तर कित्येक पट वीज लागते. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचे एक भोक असेल, तर त्यातून सुटणाऱ्या हवेसाठी कॉम्प्रेसरला सतत सुमारे तीन किलोवॉट वीज घ्यावी लागते. तीन किलोवॉटचा गिझर दिवसभर चालू ठेवून नळ उघडा टाकण्यासारखेच हे आहे, आणि घरात असे कोणी करणार नाही. पाणी सांडले तर दिसते, तेल सांडले तर पाय घसरतो. हवा मात्र सुटताना दिसत नाही, आणि यंत्रांच्या आवाजात ऐकूही येत नाही.

त्या रविवारी ती ऐकू आली. यंत्रे शांत असल्यामुळे शेडभर बारीक सूं-सूं असा आवाज भरून राहिला होता. मोठ्या गळती नुसत्या कानांनी सापडल्या, आणि लहानांसाठी त्यांनी अल्ट्रासाउंडचे हातात धरायचे उपकरण वापरले. सुटणाऱ्या हवेचा माणसाच्या कानाला न कळणारा उंच आवाज ते पकडते, त्यामुळे कामाच्या वेळीही, यंत्रांच्या गोंगाटात, गळतीची जागा शोधता येते. दीड दिवसात ६१ ठिकाणे सापडली आणि प्रत्येक ठिकाणी क्रमांक घातलेले निळे लेबल बांधले गेले. बहुतेक गळती झटपट जोडायच्या कपलरमध्ये, नळीच्या क्लिपांपाशी आणि यंत्रांवरील एफआरएलच्या, म्हणजे हवा गाळणाऱ्या, दाब राखणाऱ्या आणि तेल मिसळणाऱ्या जोडणीच्या, वाट्यांमध्ये होत्या. एकसष्टांपैकी सात ठिकाणांतूनच निम्म्याहून अधिक हवा जात होती, आणि त्या सातांतील सर्वांत मोठे ठिकाण टाकीच्या तळाशी असलेला पाणी काढायचा व्हॉल्व्ह हे होते. पावसाळ्यात लाइनमध्ये पाणी फार येते, म्हणून कोणीतरी तो अर्धवट उघडा ठेवला होता आणि पुढच्या ऋतूंत तो तसाच राहिला होता. त्याच्या जागी आता पाणी साठल्यावरच उघडणारा आणि हवा न सोडता बंद होणारा स्वयंचलित व्हॉल्व्ह बसवला आहे.

कामगारांशी ही मंडळी ज्या रीतीने वागली, तो मला या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. आमच्याकडे गुजराती, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही भाषा बोलणारी माणसे आहेत. लेबल बांधताना त्यांनी प्रत्येक यंत्रावरच्या माणसाला त्याच्या भाषेत विचारले, की हा आवाज कधीपासून येतो. निम्म्याहून अधिक ठिकाणी उत्तर तयार होते. एका जोडाविषयी तर ऑपरेटरने तो दिवाळीपासून फुसफुसतो आहे असे सांगितले, आणि मे महिना चालू होता. त्याने हे आधी का सांगितले नाही, हा प्रश्न मी विचारायला निघालो होतो. सांगायचे कोणाला आणि लिहायचे कोठे, हे आम्ही कधी ठरवलेच नव्हते, हे तेव्हा लक्षात आले. हवेच्या बंदुकीने जॉबवरचा कीस उडवणे आणि पाळी संपल्यावर त्याच बंदुकीने कपडे झटकणे या सवयींविषयीही त्यांनी कोणाला न रागावता बोलणे केले. दाबाची हवा जखमेतून कातडीखाली शिरू शकते आणि डोळ्यांत कण घुसवू शकते, हे समजल्यावर कपडे झटकणे पुष्कळच थांबले. उघड्या नळीऐवजी आसपासची हवा ओढून घेणारी नोझल बसवल्याने बंदुकीला लागणारी हवाही कमी झाली.

कॉम्प्रेसरच्या खोलीकडे आमचे कधी लक्षच गेले नव्हते. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात बाहेर सावलीत ४२ अंश असताना त्या खोलीत ५० अंश होते, आणि कॉम्प्रेसर तीच तापलेली हवा आत ओढत होता. आत येणारी हवा चार अंशांनी गरम असली, की तितक्याच कामासाठी साधारण एक टक्का वीज जास्त लागते. उत्तरेच्या भिंतीतून सावलीतली हवा थेट आत घेणारी पत्र्याची नळी आमच्या फॅब्रिकेटरने दोन दिवसांत बनवून दिली. लाभ दोन टक्क्यांचाच, पण कायमचा. कॉम्प्रेसरच्या तेलातील उष्णता काढून घेऊन तिच्यावर जॉब धुण्याच्या टाकीतील पाणी तापवावे, ही त्यांची सूचना मला फार आवडली, कारण त्या टाकीचा विजेचा हीटर दिवसभर चालतो. त्यासाठी लागणारा उष्णताविनिमयक अजून घेतलेला नाही, पुढच्या वर्षी घेणार आहोत.

आता आकडे. फिल्टरची जाळी बदलली, सात मोठ्या गळती पहिल्याच आठवड्यात आणि बाकीच्या महिनाभरात बंद केल्या, आणि शेडभोवती दोन इंची पाइपाचे बंद वर्तुळ टाकले, म्हणजे प्रत्येक यंत्राला दोन्ही बाजूंनी हवा मिळेल. टोकाला दाब पुरेसा पोहोचू लागल्यावर कॉम्प्रेसरचा दाब ७.८ वरून ६.६ बारवर आणता आला, कारण आमच्या यंत्रांना सहा बारांहून अधिक दाब लागतच नाही. दाब एक बारने कमी केला, की वीज साधारण सहा ते सात टक्क्यांनी कमी लागते, आणि उरलेल्या गळतीतूनही हवा कमी सुटते. कॉम्प्रेसरचा खप पूर्वी दोन पाळ्यांना मिळून दिवसाला सरासरी ४२४ युनिट होता, तो ३२२ युनिटांवर आला. वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर ही बचत सुमारे ३०,६०० युनिट होते. आम्हाला सर्व आकार धरून युनिट साधारण आठ रुपयांना पडते. म्हणजे वर्षाला दोन लाख पंचेचाळीस हजारांच्या आसपास बचत. पाइप, व्हॉल्व्ह, दुरुस्ती आणि तपासणीचे शुल्क मिळून दोन लाख ऐंशी हजार खर्च आला, तो चौदा महिन्यांत भरून निघेल. देशातील विजेच्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असे धरले, तर वर्षाला एकवीस टनांहून अधिक वायू टळतो. दुसरा कॉम्प्रेसर घेतला नाही, ही बचत या हिशेबात धरलेलीच नाही.

अहवालात मात्र याच सुधारणांची बचत ४०,००० युनिट दाखवली होती, आणि हा फरक का पडला हे मला स्वतः शोधावे लागले. गळती तीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आली, म्हणजे वीजही त्याच प्रमाणात कमी लागेल, असे त्यांनी धरले होते. आमच्यासारख्या लोड-अनलोड कॉम्प्रेसरमध्ये तसे होत नाही. हवा नको असते तेव्हा तो अनलोडवर जातो, पण मोटर फिरतच राहते आणि पूर्ण लोडच्या जवळजवळ एक तृतीयांश वीज घेत राहते. गरजेनुसार वेग बदलणारा कॉम्प्रेसर असता, तर त्यांचा आकडा खरा ठरला असता. विचारल्यावर त्यांनी चूक लगेच मान्य केली आणि सुधारित पान पाठवले, हे नोंदवायला हवे. तरीही हा मूलभूत मुद्दा आहे. एखाद्या कारखानदाराने त्या आकड्यावर कर्ज काढले असते, तर त्याचे नुकसान झाले असते.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. आमचा काही माल युरोपात जातो, आणि पोलादाचे फ्लँज व जोड तेथील नव्या कार्बन करव्यवस्थेत (आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावर आकारणी करणाऱ्या) येतात. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिचा केवळ माहिती देण्याचा टप्पा चालू होता आणि १ जानेवारी २०२६ पासून ती प्रत्यक्ष लागू झाली आहे. विजेची बचत केल्याने हा कर कमी होईल, असे अहवालात ठळक अक्षरांत लिहिले होते. परंतु पोलादाच्या बाबतीत या व्यवस्थेत प्रत्यक्ष उत्सर्जन मोजले जाते, वापरलेल्या विजेमागचे उत्सर्जन धरले जात नाही. आमच्या मालाच्या बाबतीत खरा भार पोलाद ज्या भट्टीत तयार झाले, त्या भट्टीचा आहे. तेथे आम्ही काही करू शकतो ते एवढेच, की पोलाद कोणाकडून घ्यायचे हे विचारपूर्वक ठरवावे आणि भंगारात जाणारे जॉब कमी करावेत. ज्या विषयाचा अभ्यास नाही, त्यावर अहवालात न लिहिणे अधिक प्रामाणिक ठरले असते.

पाण्याचा आणि कूलंटचा (कातताना हत्यार थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणाचा) भाग तर निराशाजनकच होता. दोन पाने भरून छपरावरचे पावसाचे पाणी साठवा, आवारात झाडे लावा, अशा सूचना होत्या. आमच्या शेडला आवारच नाही. एकानेही कूलंटचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे मिश्रणाचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर, ठेवून पाहिला नाही. वडोदऱ्यात हा विषय उरकून टाकण्यासारखा नाही. सयाजीरावांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या आजव्याच्या तलावाचे पाणी शहर आजही पिते, आणि नंदेसरी-कोयलीकडच्या कारखान्यांचे सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या कालव्याने खंभातच्या आखाताकडे न्यावे लागते. आमच्यासारख्या लहान कारखान्यात पाणी थोडे लागते, पण खराब झालेले कूलंट बॅरलमध्ये साठते, त्यातले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात धरले जाते, आणि ते परवानाधारकाकडे पाठवण्याचा खर्च दर फेरीला येतो.

हे काम मग आम्हीच हाती घेतले. सोमवारी सकाळी टाकीला कुजका वास येतो, ही जुनी तक्रार होती. यंत्राचे वंगणतेल कूलंटवर तरंगून थर धरते, सुट्टीच्या दिवशी पंप बंद असल्याने त्याखाली हवा पोहोचत नाही, आणि हवेवाचून वाढणारे जिवाणू तेथे फोफावतात. फोरमनकाकांनी प्रत्येक टाकीवर तेल काढणारा पट्टा बसवला, रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरने मिश्रण सहा ते आठ टक्क्यांत राखण्याची वही सुरू केली, आणि रविवारी अर्धा तास पंप फिरवायला एका माणसाची पाळी लावली. पूर्वी दर तीन महिन्यांनी बदलावे लागणारे कूलंट आता आठ महिने टिकते. हातांना खाज सुटण्याच्या तक्रारीही कमी झाल्या. पाच हजारांच्या आत झालेले हे काम ४८,००० च्या अहवालात असायला हवे होते.

अहवालाच्या स्वरूपाबद्दलही एक तक्रार आहे. चौऱ्याऐंशी पाने, सगळी इंग्रजीत, आणि पहिली वीस पाने देशाच्या ऊर्जाधोरणाची. मोठ्या उद्योगांना ऊर्जाबचतीची लक्ष्ये बांधून देणारी योजना २०१२ साली सुरू झाली, हे मला ठाऊक आहे आणि ते योग्यच झाले, पण अकरा यंत्रांच्या शेडला ती लागू नाही. आम्ही मागणी केल्यावर त्यांनी गुजराती आणि हिंदीत एकेका पानाचा तक्ता करून दिला, त्यात फक्त लेबलांचे क्रमांक, जागा आणि काय बदलायचे एवढेच होते. तो तक्ता कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दारावर लागला, आणि दुरुस्तीचे काम प्रत्यक्षात त्यावरूनच झाले.

फेरतपासणी ठरलेल्या तारखेला, आठवण न करता झाली. पुन्हा रविवार, पुन्हा शांत शेड. दुरुस्तीनंतर दहा टक्क्यांवर आलेली गळती चौदा टक्क्यांवर गेली होती. सर्वाधिक गळती मिळाली ती स्वस्त म्हणून आम्ही स्वतः निवडलेल्या कपलरमध्ये, हे त्यांनी न टोचता सांगितले. ते सर्व आम्ही आता बदलले आहेत. तीच लोड-अनलोडची चाचणी फोरमनकाका दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घड्याळ लावून घेतात, त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, आणि ऑपरेटरांना निळी लेबले देऊन ठेवली आहेत.

हवेच्या लाइनसाठी या सेवेशी आम्ही पुढच्या दोन वर्षांचा करार केला आहे. पाणी आणि कूलंट त्यातून वगळले आहे, आणि बचतीचा प्रत्येक आकडा अनलोडची वीज धरून द्यावा, अशी अट लेखी घातली आहे. ज्यांच्याकडे दहा-वीस यंत्रे आहेत आणि लाइन टप्प्याटप्प्याने वाढत गेली आहे, त्यांनी नव्या कॉम्प्रेसरचे दरपत्रक मागवण्याआधी अशी तपासणी अवश्य करून घ्यावी. आमच्या मागच्या भिंतीलगत मोकळी केलेली जागा आता कूलंट गाळण्याच्या टाकीला दिली आहे.